खारं ते खारं

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राच्या इतका नादी लागलेला माणूस आमच्या साडूंशिवाय अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याच्या बायकोला माझा साष्टांग नमस्कार. साडू अंबडच्या कोर्टात कारकून, बिऱ्हाड जुन्या जालन्यात, आणि जीव मात्र अलिबागच्या किनाऱ्यावर. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की बाकीचे कारकून आमरसाला बसत, हे जाळं बगलेत मारून गाडीत बसत. बरं, मासे खाण्याचं म्हणाल तर शिव शिव. चातुर्मासात घरात कांदासुद्धा येत नसे. त्यांना मासे फक्त धरायचे असत आणि औषधी पाण्यात बुडवून बरणीत ठेवायचे असत. या बरण्या लोणच्याच्या फळीवरच असल्यामुळे एकदा मी नको ते झाकण उघडलं, आणि पुढचे आठ दिवस वरणभातसुद्धा चाचपून खाल्ला.

प्रत्येक बरणीला चिठ्ठी असे. संस्थान गेलं, कोर्टातली उर्दूही हळूहळू गेली, पण साडूंच्या लेखणीतून ती हलायला तयार नव्हती. साक्षीदाराचा जबाब घ्यावा तसं ते लिहीत : 'नाव बोय. वल्द मालूम नाही. पेशा पोहणे. सकूनत अलिबाग.' मी म्हटलं, "साडूबुवा, माशाला बापाचं नाव कशाला?" तर गंभीरपणे म्हणाले, "रकाना मोकळा सोडता येत न्हाई." फेकून पसरायच्या गोल जाळ्याला तिकडे पाग म्हणतात. त्याचा सराव वर्षभर अंगणात चाले. त्यात शेजाऱ्यांची कोंबडी, एक शेळी, वाळत घातलेल्या कुरडया आणि दसऱ्याचं सोनं द्यायला गेलेला मी, एवढे जीव सापडले. "हलू नका, फास बसून राह्यलाय," म्हणाले, आणि मला तसाच ठेवून जाळं कसं पडलं ते चहूबाजूंनी बघत बसले.

या सगळ्यात त्यांना एकच दुःख होतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, जिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, तिने समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची तिची इच्छाही नव्हती. दर वर्षी साडू विचारायचे, "चल की औंदा." दर वर्षी ताई बरण्यांकडे बोट दाखवायची. "मढी बघायला मी कशाला एवढ्या लांब येऊ? एक तरी जिता आणून दाखवा, मंग येते."

आणि एका वर्षी त्यांनी खरंच आणला. निवटी म्हणतात त्या माशाला. बोटभर लांब, डोळे बेडकासारखे टाळूवर, आणि पाणी सोडून चिखलात उड्या मारायची खोड. खाडीच्या चिखलाचं मडकं मांडीवर घेऊन साडू जालन्यापर्यंत आले. सोबत समुद्राच्या पाण्याचा डबा होता, पण मनमाडला गाडी बदलताना एका तहानलेल्या गृहस्थाने त्यातला घोट घेतला आणि शिव्या देत उरलेलं फलाटावर ओतून दिलं.

आता पाणी कुठून आणायचं? आमच्याकडे विहिरी दोनच जातीच्या : गोड्या पाण्याची प्यायला, खाऱ्या पाण्याची भांड्या-धुण्याला. साडू म्हणाले, "मागच्या आळीतली खारी विहीर हाय ना. खारं ते खारं." मलाही ते अगदी पटलं. मीच दोन बादल्या शेंदल्या, आणि आपलीही थोडी अक्कल असावी म्हणून वर मूठभर मीठ टाकलं.

परातीतल्या दगडावर निवटी चढून बसली तेव्हा ताई पोळ्या टाकून आली. दुपारभर तिथून उठली नाही. "बाई, ही डोळे आत ओढून घेते की, लाजल्यावानी," म्हणाली. साडू दारात उभे राहून बघत होते; माशाकडे नव्हे, ताईकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी निवटी उलटी पडलेली होती. साडूंनी सवयीने बरणी घेतली. ताईने ती त्यांच्या हातातून काढून फळीवर ठेवली, निवटी अंगणात तुळशीपासून जरा बाजूला पुरली आणि हात धुता धुता म्हणाली, "आता कोणाला इथं आणू नका. मीच येते तिकडं."

पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघं गेलो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात निवट्याच निवट्या, शेकड्यांनी उड्या मारत होत्या. साडूंनी विचारलं, "धरू का एखादी?" ताई म्हणाली, "राहू द्या." मग भरती चढली आणि सगळा चिखल पाण्याखाली गेला.

"पाणी उतरलं की परत दिसतील का हो?"

"दिसतील. पण पाच-सहा तास लागतील."

"मंग बसू."

आणि बसले दोघं बांधावर. मला भूक लागली होती, म्हणून मी बायकोला घेऊन जेवायला निघून आलो. आता साडूही नाहीत आणि ताईही नाही. घरात माशांपलीकडे एकमेकांशी चार शब्द न बोलणारी ती माणसं पाणी उतरेपर्यंत तिथे काय बोलली असतील, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. जेवण काय होतं, ते मात्र मुळीच आठवत नाही.