राहिलेली भवानी

श्रीगजाननास आणि वाग्देवतेस वंदन असो. आज भवानीमावशींना जाऊन वर्ष झाले. त्यांच्या श्राद्धाचा अधिकार मला नाही. म्हणून शब्दांची ही ओंजळ.

बहरीनमधील मनामाच्या जुन्या बाजारात, देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत, समोर उभ्या गिऱ्हाइकाला फुले नाकारणारी ही एकच फुलवाली होती. दिवसाची पहिली विक्री, आपण जिला भवानी म्हणतो, ती कोणाच्या हातून व्हावी हे त्या स्वतः ठरवीत. घासाघीस करणारा कोणी आधी आला तर म्हणत, "मफी. नाय. नंतर ये." तो रिकाम्या हाताने परतला की अपशकुन जाळायला कागदाचा कपटा पेटवून टोपल्यांभोवती फिरवीत. त्यावरूनच आम्हा मराठी मंडळींत त्यांचे भवानीमावशी हे नाव पडले. खरे नाव उच्चारताना आमची जीभ अडखळे, आणि त्या तोंडाला पदर लावून हसत.

मावशी मूळच्या व्हिएतनामातील सायगावच्या. राजापूरच्या एका खलाशाशी त्यांचा विवाह झाला आणि त्या कोकणात आल्या. पुढे यजमानांना मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये काम मिळाले, तेव्हा बहरीनला. मूलबाळ नव्हते. यजमान वारल्यावर त्यांनी फुलांची टोपली मांडली. मराठी त्या सासूकडून शिकल्या होत्या. त्यात लिंगवचनाचा गोंधळ असे, भावाचा कधी नसे.

मी वाईला संस्कृत शिकवून निवृत्त झालो व मनामाच्याच नईम भागात मुलाकडे राहू लागलो. पूजेसाठी फुले घ्यायला प्रथम गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे निरखून पाहिले. "गुरुजी, तुमचा हात हलका. रोज पहिला तुम्ही यायचा." तो नेम मी पाळला. शेजारी गाडी लावून बसणारा शांताराम ड्रायव्हर चिडवी, "मावशे, आम्ही काय दगडाचे हात घेऊन इलाव?" मावशी म्हणत, "तुझा हात नाय, तोंड जड!"

माळ ओवताना त्या आपल्या सायगावातील बाजाराचा इतिहास सांगत. आमच्याकडे एखादी आजी घराण्याच्या कुलदैवताची कथा सांगते, तसा. "आधी नदीवर होता. किल्ल्याजवळचा धक्का, म्हणून नाव बेन थान. एकदा जळला. पुन्हा बांधला. मग दलदल भरून दुसऱ्या जागी नवा केला. चार दरवाजे, वरती मोठा घड्याळ. राज्य बदलला, शहराचा नाव बदलला, बाजाराचा नाव नाय बदलला." त्यांची पणजी जुन्या बाजारात विड्याची पाने विकी. नव्या जागी गेल्यावर तिने जुने पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत एक पानही विकले नाही म्हणे. मी कारण विचारले. मावशी म्हणाल्या, "लक्ष्मीला नवा रस्ता कसा कळणार? जुना गिऱ्हाईक हात धरून आणतो."

गेल्या वर्षी इथल्या बाजारातील, मावशी बसत ती इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करायची ठरली. साठी उलटलेल्या मावशींना पुढच्या गल्लीत, जिन्याखाली, एक अरुंद जागा मिळाली. त्या वयात नव्या जागी जम बसेल की नाही, याची धास्ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. एवढेच म्हणाल्या, "भवानी तुमची, गुरुजी. मग मला भीती नाय."

जागा उघडण्याच्या आदल्या दिवशी वाईहून फोन आला. माझे थोरले बंधू गेले होते.

संध्याकाळी मावशी दारात आल्या. आत आल्या नाहीत. चपला काढून उंबरठ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, मला सूतक आहे. शुभारंभाला माझा हात चालायचा नाही. दुसऱ्या कोणाकडून भवानी घ्या."

"आमच्याकडे पण तसाच," त्या म्हणाल्या. "घरात मयत, तो पहिला गिऱ्हाईक नाय. शास्त्र बरोबर आहे." मग चपला घालता घालता वळल्या. "फिटला की या. पणजी थांबली. मी पण थांबतंय."

त्या खरोखर थांबल्या. शांताराम रोज येऊन सांगे. मावशी पहाटे जागा झाडतात, फुलांवर पाणी शिंपडतात, विकत मात्र काही नाहीत. येईल त्याला ओंजळभर फुले तशीच देतात, उरलेली देवळात पाठवतात. दान ही विक्री नव्हे. त्यामुळे भवानी राखलेली राहते. "मावशे, अशान उपाशी मरशील," शांताराम त्यांना म्हणाला होता. "भात आहे घरात," एवढेच उत्तर मिळाले.

सूतक फिटले. स्नान करून, जानवे बदलून, मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. जिन्याशी माणसे उभी होती. शांताराम पुढे आला आणि काम संपले की रोज बोलतो तोच अरबी शब्द त्याच्या तोंडून निघाला, "गुरुजी, मावशी खलास." पाणी शिंपडून त्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि बसल्याजागीच कलंडल्या. नुकतेच त्यांना इस्पितळात नेले होते. मोगऱ्यावरचे थेंब अजून वाळले नव्हते.

मी पैसे रिकाम्या स्टुलावर ठेवले आणि मोगऱ्याच्या माळा उचलल्या. विकणारे माणूस नसताना झालेली ती भवानी खरी की नाही, हे मी अनेकदा मनाशी तपासले. मला निर्णय करता आलेला नाही.

त्यांचे माझे गोत्र एक नव्हे. शास्त्राप्रमाणे त्यांचे सूतक मला नव्हते. तरी त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यात फूल चढले नाही. त्या माळा मावशींबरोबर गेल्या.

वाचकहो, तुमच्या उंबरठ्यावर दिवसाचे पहिले पाऊल हलके पडो. तुमची वाट पाहणारे कोणी असेल, तर तुम्ही पोहोचेपर्यंत ते सुखरूप असो. तुम्हां सर्वांचे, तुमच्या घरादाराचे कल्याण असो.