कूलरच्या सॉकेटातली कुंभारीण

होळी झाली की आमच्या घरी कूलर खिडकीत बसतो. त्या साली बसला नाही, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मुलगी माहेरी आली होती. सहावा महिना लागला होता आणि मागच्या वर्षी सहाव्यातच पोट पडलं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावून सांगितलं, पलंगावरून उठायचं ते फक्त संडास-बाथरूमपुरतं. जावई बुटीबोरीच्या कारखान्यातल्या ड्युट्या सांभाळून रविवारी येऊन जायचे. बाकी दिवस मी घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत. हिंगण्याच्या कारखान्यात उभी हयात इलेक्ट्रिकचं काम केलं, मशीन बंद पडलं की कुठं हात घालायचा हे मला झोपेतही कळायचं. इथं कुठं हात घालणार होतो? रिटायर माणसाला घरात तसंही कोणी विचारत नाही, त्यात हे.

एप्रिल तापायला लागला तेव्हा एकदाचा कूलर काढला. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, टाकीला आतून रंग मारला, पंप साफ केला, शेजाऱ्याला हाताशी घेऊन ते धूड मुलीचा पलंग होता त्या मधल्या खोलीच्या खिडकीत चढवलं. प्लग घेऊन सॉकेटकडे गेलो तर सॉकेटला भोकंच नाहीत! तिन्ही भोकं मातीनं लिंपलेली, अगदी गुळगुळीत, आणि वर मातीचाच एक फुगवटा. माती खरवडायला मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला.

"हात नका लावू जी!" बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली. "कुंभारीण हाय ते."

कुंभारीण म्हणजे ती काळी-पिवळी, सुतासारख्या कंबरेची माशी. तोंडात मातीची गोळी धरून आणते आणि घर लिंपते. आमच्याकडं असं धरतात की घरात पोटुशी बाई असली की कुंभारीण घर करते, आणि ते घर मोडायचं नसतं. बायकोच्या हिशेबानं ती माशी कुठून तरी अळी उचलून आणते, आत कोंडते, दाराशी बसून गुणगुणते, आणि ते ऐकून ऐकून अळीचीच कुंभारीण होऊन जाते.

"मग कूलर कुठं लावू? माह्या डोक्सात?"

"लावा कुठंबी. पण थे फुटलं नाही पायजे." मग आवाज खाली करून म्हणाली, "मागच्या वर्षी ट्यूबलाइटमागचं म्या पाडलं होतं. जाळे काढता काढता. आठच दिवसात पोट्टीचं तसं झालं."

हे तिनं वर्षभर मला सांगितलं नव्हतं. एकटीच घेऊन बसली होती. काही सुचलं नाही की मी चिडतो, ही माझी जुनी खोड. "भैताडासारखं काही बोलू नको वं," एवढं बोललो आणि पेचकस खिशात घातला.

मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या बोर्डातून वायर ओढली, दारातून, पलंगाच्या कडेनं, खिडकीपर्यंत. कूलर चालू तर फ्रिज बंद, फ्रिज चालू तर कूलर बंद. दूध नासलं, दही आंबट ढाण झालं, माठातलं पाणी कूलरमध्ये आणि कूलरचं पाणी फरशीवर. मी दिवसभर कटकट करत होतो आणि ती कुंभारीण मजेत ये-जा करत होती. फुगवट्याच्या शेजारी तिनं आणखी एक फुगवटा लिंपायला घेतला. म्हटलं, वा बाई, तुझंच राज्य आहे!

आणि एका दुपारी मुलगी बाथरूमला निघाली नि तिचा पाय वायरीत अडकला.

पडली नाही. चौकट धरली. पण ती चौकट धरून उभी होती आणि दुसरा हात पोटाखाली, आणि तोंडावर जे होतं ते मी मागच्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिलं होतं. बायको तर बसलीच खाली. मुलीला पलंगावर निजवलं. मग तिनं हात हलवून सांगितलं, काही नाही, ठीक आहे.

झालं, माझा भडका उडाला. बायकोला, तिच्या आईला, माशीला, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनाही, सगळ्यांना शिव्या घातल्या. एका माशीपायी पोरीचा जीव घेता काय! मेन स्विच पाडला, पेचकस घेतला आणि त्या मातीवर टेकवला.

"बाबा, नका तोडू."

मी वळून पाहिलं. "तू बी? एमेस्सी झुऑलॉजी ना वं तू? कॉलेजात पोट्ट्यांना हेच शिकवतं ना?"

"म्हणूनच सांगून राहिली. मले माहीत हाय आत काय हाय ते."

मग तिनं पडल्या पडल्या सगळं सांगितलं. कुंभारीण अळ्या आणते त्या दुसऱ्याच कोणाच्या, फुलपाखराच्या नाहीतर पतंगाच्या. डंख मारून त्यांना लुळ्या करते, मारत नाही. खोलीत स्वतःचं एक अंडं टांगते, ह्या अळ्या भरते, दार लिंपते आणि निघून जाते. आत तिचं पिल्लू निघतं तेही अळीच, पांढरं, आंधळं, बिनपायाचं. ते ही शिदोरी खात वाढतं आणि खाऊन झालं की कोषात जातं.

"म्हणजे गुणगुणून होत नाही?" बायकोनं विचारलं.

"नाही ना वं आई."

"तुह्या पुस्तकात नसंन." बायको उठून आत गेली.

मी विचारलं, "कोषात मग तिले पंख फुटत असतीन?"

"पंख असे वरून नाही फुटत, बाबा. आत जवळजवळ सगळी अळी विरघळून जाते. कढीसारखी. तोंड, आतडं, बहुतेक सगळं जुनं मोडते. काही बारीक ठिपके तेवढे शिल्लक राहतात अंगातले, त्यातून पाय, डोळे, पंख, सगळं नवं बनते. त्या वेळी कोणी कोष फोडून पाहिला तर अळी बी नाही दिसत अन् माशी बी नाही."

"अन् मधात काही बिघडलं तर?"

तिचा हात पोटावर गेला. मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

पेचकस हातात होताच. त्याच पेचकसानं मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली जुनी पेटी उघडली, एक सुटा सॉकेट काढला आणि जुन्या बोर्डाच्या बाजूला पट्टीवर बसवून दिला. अर्ध्या तासाचं काम! इतके दिवस रागाच्या भरात सुचलं नव्हतं, आणि म्हणे मी इलेक्ट्रिशियन. कूलर सुरू झाला, फ्रिज परत आपल्या जागी आला, वायर गुंडाळून माळ्यावर गेली. कुंभारीण राहिली तिथंच.

पण त्या दिवसापासून माझं चित्त काही थाऱ्यावर येईना. सकाळी चहाच्या आधी मी त्या मातीकडं बघायचो. दुपारी ताट्यांवर पाणी मारायच्या निमित्तानं बघायचो. माती वाळून पांढरट पडली होती, आवाज नाही, हालचाल नाही. ती माशी तर केव्हाच येईनाशी झाली होती. असा राग यायचा तिचा! लिंपून मोकळी झाली आणि गेली निघून, आणि इथं आम्ही तिघं राखण करत बसलो. आत सगळं विरघळलेलं असेल आणि वर काही कळत नाही, हा विचार आला की मी उठून फिरायला लागायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, बसा ना जी जरा. तुमच्याकडं पाहूनच मले धाप लागून राहिली." बसलो की पाय हलायचा. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. सहावा सरून सातवा लागला तरी कमी होईना, उलट वाढली.

मे संपत आला आणि नवतपा लागला. नागपुरातले ते नऊ दिवस म्हणजे सूर्य आणि माणूस यांच्यात काही उरतच नाही. त्यातल्याच एका सकाळी मी सॉकेटपाशी गेलो. फुगवट्याला भोक पडलं होतं, अगदी गोल. आत रिकामं.

आता मी काही मानणारा माणूस नाही. घर फुटलं म्हणजे अमुक होतं, तमुक होतं, असल्या गोष्टींवर मी आयुष्यभर भांडलो आहे. पण त्या क्षणी डोक्यात एकच आलं, हे बायकोनं पाहू नये, पोरीनं तर मुळीच पाहू नये. मुलगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी पाय न वाजवता गच्चीवर गेलो, मोगऱ्याच्या कुंडीतली चिमूटभर माती थुंकीनं भिजवली आणि येऊन ते भोक बुजवायला लागलो. अंगठ्यानं लिंपता लिंपता बोट शेजारच्या दुसऱ्या फुगवट्याला लागलं. तो मऊ लागला. नीट पाहिलं. तिथंही भोक होतं, आणि त्यात कणीक भरली होती.

मागं बायको उभी होती. हाताला पीठ.

"कधी?" मी विचारलं, ओठांनीच.

"काल," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "तिले सांगू नका जी."

"काय सांगू नका?"

मुलगी जागीच होती. आम्ही दोघं चोरी पकडल्यासारखे वळलो. ती कुशीवर झाली, उशी पाठीला घेतली आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

"दोघी बी माह्यासमोरच निघाल्या. एक काल, एक आज पहाटे. आधी आतून माती कुरतडली, मग डोकं काढलं. स्विचवर बसून पंख वाळवले अन् कूलरच्या बाजूच्या फटीतून गेल्या."

"अन् तुले काही...?" बायकोनं विचारलं.

"काही नाही, आई. लाथा मारून राहिलं हे." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, मधात बिघडलं तर. मले शकुन नव्हता पाहाचा. बंद केलेलं जिवंत बाहेर येते का, एवढंच पाहाचं होतं एक डाव. म्हणून म्हटलं, नका तोडू."

मी रडलो. तोंड फिरवून वगैरे नाही, तिथंच, बोटाला माती लागलेली असताना, ढसाढसा. बायकोनं मला गप्प बस म्हटलं नाही, तीही रडतच होती.

नात पुढं ठणठणीत झाली, पण तेव्हा आम्हाला ते कुठं ठाऊक होतं. त्या सकाळपर्यंत आमच्या घरात एक लंगोट शिवलेला नव्हता. कोणी हातात कापड धरायला धजत नव्हतं. मागच्या खेपेला हौसेनं शिवलेली सगळी अंगडी-टोपडी बायकोनं एका पिशवीत बांधून मोठ्या पातेल्यात घालून माळ्यावर टाकली होती, पार भिंतीशी, आणि वरून झाकण. मुलीला माहीत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

"बाबा," ती म्हणाली, "त्या मोठ्या पातेल्यातले कपडे काढून द्या. धुवा लागतीन."

मी शिडी आणायला गेलो.