गालिचा, पडदे आणि कॅम्पातला नळ

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या ऑफिसात दोन गोष्टी रोज साचायच्या. टेबलावर मुरमाची लाल धूळ आणि डब्याच्या सुट्टीत किस्से. धूळ फडक्यानं झटकता यायची. किस्से कसले जातात! एक आठवला की त्याच्या मागे दुसरा उभाच. अजूनही ते दिवस आठवले की मला बसवत नाही, मी उठून येरझारा घालायला लागतो. बायको आतून विचारते, "गेलात वाटतं परत कॅम्पात?"

डब्याला आम्ही तिघं. मी आवक-जावकचा बाबू. ठोंबरे नागपूरचे, पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर. आणि मेश्राम, साकोलीकडचा फिटर. मेश्राम मजुरांच्या कॅम्पात राहायचा. तिथे नळ नव्हता. त्याची बायको, कौसल्यावहिनी, पार सुपेला गावच्या विहिरीवरून पाणी आणायची. उन्हाळ्यात ती विहीरही आटायची. यंदा ती आटेपर्यंत नळ आला नाही तर बायको आणि मुलीला गावी पाठवायचं, असं मेश्रामनं ठरवलं होतं. पोरगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. गावी गेली की शाळा सुटणार, हे त्याला आतून खात होतं.

*

नळाचा अर्ज मी लिहायला घेतला. सवयीनं सुरुवात केली, "मायबाप सरकारच्या चरणी..."

मेश्रामनं माझा हातच धरला.

"थांबा बाबू. माय-बाप माझे साकोलीले हायेत. इथं सरकार हाय. लिवा, नळ कावून नाही ते सांगा!"

तसंच लिहिलं. हेडक्लार्कनी अर्ज वाचला आणि डोक्यावर पंखा फिरत असताना घाम पुसला.

*

उत्तर येईना. स्मरणपत्रं मीच लिहायचो, आणि ऑफिसात ती घ्यायचोही मीच! शेवटी हेडक्लार्कना विचारलं, "फाईल कुठंय?"

"दिल्लीला."

"आणि सही करणारे मोठे साहेब?"

"ते आजच दिल्लीहून आले."

पुढच्या खेपेला विचारलं, तर फाईल आली होती आणि साहेब दिल्लीला गेले होते. जाणं-येणं, भत्ता, सगळं सरकारी. मेश्रामला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "दोघाइले एकाच गाडीत बसवून द्या ना!"

आम्ही हसलो, पण मला दुपारभर काम सुचलं नाही.

*

मग ऊन तापलं. मोठ्या साहेबांच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. पडदे भिजवायला टँकर आला. कुठला? कॅम्पासाठी मंजूर झालेला! चपराशी दिवसभर पडद्यांवर पाणी मारत बसायचा, आणि आत साहेबांना गारव्यानं शिंका यायच्या.

एका दुपारी पाहतो तर खिडकीखाली कौसल्यावहिनी. पडद्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली गुंड, म्हणजे पितळी घागर, धरून उभी. साहेब बाहेर आले, हिंदीत ओरडले, "ये क्या चल रहा है?"

वहिनीनं गुंड हलवलासुद्धा नाही.

"काही नाही सायेब. तुमच्या खिडकीनं पिऊन उरलं ते नेऊन राहिली."

*

साहेब चिडले, पण हुशार माणूस! त्यांनी आपल्या खोलीत सगळ्यांची सभा घेतली. खोलीत नवा गालिचा होता, म्हणून आम्ही चपला दाराबाहेर काढल्या. साहेब म्हणाले, "विचारा, मोकळेपणानं विचारा. इथे आम्ही काहीही लपवत नाही."

मी मनात म्हटलं, मेश्राम, गप बस रे बाबा. पण तो उठलाच.

"सायेब, हा गालिचा केवढ्याचा?"

"ती गोपनीय बाब आहे."

"गोपनीय कावून? सगळ्याइच्या पायाखाली तर हाय!"

त्याच संध्याकाळी मेश्रामच्या नावे पत्र निघालं. गैरवर्तनाचा खुलासा करा, यापुढे सभेत तोंड उघडल्यास कामावरून कमी करण्यात येईल. आमच्या ऑफिसातून त्याच दिवशी निघालेलं मी पाहिलेलं ते पहिलं उत्तर! शिक्का मलाच मारावा लागला. राग सगळा त्या शिक्क्यावर काढला.

*

आणि मग मंत्री यायचे ठरले. कॅम्पाची पाहणी, नळाचं उद्घाटन, भाषण.

नळाचं उद्घाटन! एका रात्रीत भिंत उभी राहिली, भिंतीला चकचकीत पितळी तोटी लागली, तोटीला झेंडूची माळ. मेश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. ठोंबरे मात्र डबा उघडेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"अहो, पाइपलाइन आलीच कुठं? भिंतीमागं पिंप ठेवलंय. मले पिंपाजवळ उभं राहायची ड्युटी हाय."

मेश्राम उठला आणि वहिनीच्या कानावर घालायला थेट घरी गेला. नोकरी गेली तर सगळंच गेलं. बोलायची त्याला बंदी होती. वहिनीला नव्हती.

कार्यक्रमाला मी मागे उभा होतो. एका जागी पाय ठरत नव्हते. मंत्र्यांनी तोटी फिरवली, धो धो पाणी आलं, टाळ्या! फोटोवाले पुढे धावले. मंत्री माइककडे वळले, तशी कौसल्यावहिनी उठली आणि तिनं गुंड तोटीखाली लावला. साहेब दोन पावलं पुढे आले. पण मंत्री खूश होऊन म्हणाले, "भरू द्या, भरू द्या! बहिणींसाठीच आहे."

वहिनीच्या मागे अख्ख्या कॅम्पातल्या बाया उभ्या राहिल्या. गुंड, बादल्या, पातेली. एकीचं भरलं की दुसरी. वहिनी आपला भरलेला गुंड बाजूला ठेवून, बादली घेऊन पुन्हा रांगेत.

मंत्र्यांचं भाषण रंगात आलं. सरकारच्या पै-पैचा हिशेब जनतेपुढे उघडा आहे. प्रत्येक पत्राला उत्तर मिळेल. साहेब घड्याळाकडे बघत होते, मंत्री बघत नव्हते. भिंतीवरून ठोंबऱ्यांची टोपी तेवढी दिसत होती, पिंपातलं पाणी उतरावं तशी ती हळूहळू खाली गेली.

वहिनीची पाळी पुन्हा आली, तेव्हा तोटी दोनदा खोकली आणि गप झाली.

वहिनीनं तोटी नीट बंद केली. रिकामी बादली उचलून कमरेवर घेतली, मंडपाकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"सायेब, तुमचं चालू द्या. आमचं सरलं."