पाटावर बसवलेली केबल

"शिरीषराव, हे काय आहे?"

"लिफ्टर. केबल फरशीला टेकता कामा नये. फरशीची कंपनं आवाजात उतरतात."

मी खाली वाकून पाहिलं. त्यांच्या कुवेतमधल्या, फहाहीलच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या एका भिंतीला अँप्लिफायर होता आणि तिथून दोन्ही स्पीकरपर्यंत चिनी मातीचे छोटे छोटे स्टँड ओळीने मांडले होते. त्यांच्यावर मनगटाएवढी जाड निळी केबल विराजमान झालेली. अहो, आपल्याकडे जावयाला बसवतात तशी केबल पाटावर बसवली होती! औक्षण तेवढं राहिलं होतं.

"केवढ्याला पडली?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "साडेआठशे."

"फिल्स?" मी वेड्यासारखं विचारलं. फिल्स म्हणजे इथले पैसे. हजार फिल्सचा एक दिनार.

"दिनार रे, सतीश!"

मी खुर्ची ओढली आणि बसलो. माझा धंदाच ऑडिओ-व्हिडिओचा आहे. नाशिकहून कुवेतला आलो त्याला बरीच वर्षं झाली. बँकांच्या मीटिंग रूम, सलवामधल्या कुवेती घरांचे होम थिएटर, लग्नाचे हॉल, सगळीकडे वायरी ओढल्यात. महागड्या केबल पाहिल्या नाहीत असं नाही. पण तीन मीटर तांब्याला साडेआठशे दिनार, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर रुपये, कधी ऐकले नव्हते.

आता हे जरा सोपं करून सांगतो. स्पीकरची वायर काय करते? अँप्लिफायरमधून निघालेला करंट स्पीकरपर्यंत नेते. बस. तांबं चांगलं असावं, पुरेसं जाड असावं, जोड घट्ट असावा. टीव्हीच्या एचडीएमआय केबलमधून तर नुसते शून्य आणि एक जातात. पोचले तर चित्र दिसतं, नाही पोचले तर तुटतं किंवा काळं होतं. वर सोन्याचा मुलामा दिला म्हणून हिरॉइनची साडी जास्त लाल दिसत नाही. पण हौसेला मोल नसतं, आणि दुकानदाराला हे आपल्या आधी कळलेलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

शिरीषराव मूर्ख नव्हते, म्हणून मला जास्त धक्का बसला. पुण्याचे इंजिनिअर. तेल कंपनीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "बेअरिंग चाललं." आणि ते खरंच चाललेलं असायचं. त्यांचे कान सगळ्या प्लांटमध्ये प्रसिद्ध.

"मग तक्रार काय आहे?"

"आवाज दबका येतो. तबल्याचा डग्गा ठीक आहे. पण तंबोऱ्याची जवारी, झांजा, गाणाऱ्याचे शब्द... सगळ्यावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं."

"आणि ही केबल लावल्यावर?"

"चार दिवस मस्त वाजली. मग परत तेच. दुकानदार म्हणाला, बर्न-इन व्हायला पाहिजे. शेकडो तास वाजवत ठेवायची."

"म्हणजे लोणच्यासारखी मुरवायची?"

मी चेष्टा केली होती. त्यांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर बोललास! मुरली की खुलते."

आतून मेधावहिनींचा आवाज आला. "दिवसभर घरात गाणी चालू असतात, भाऊजी! हे ड्यूटीवर, आणि मी इथे केबल मुरवत बसलेय!"

कप्पाळ! त्यांना आता आणखी एक केबल हवी होती. भिंतीच्या सॉकेटपासून अँप्लिफायरपर्यंतची, वीजपुरवठ्याची. किंमत पहिलीपेक्षा जास्त. मुलगी अन्वी बारावीला, तिच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला त्यांनी हात घालायचं ठरवलं होतं. वहिनींना हे ठाऊक नव्हतं. आणि ती केबल विकायची होती आमच्याच कंपनीने.

मी ऑफिसात मॅथ्यूसाहेबांकडे गेलो. आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण समोर टार्गेट दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

"सर, उसको केबल का ज़रूरत नहीं है."

"सतीश, कस्टमर खुद माँग रहा है. तुम्हारा क्या जाता है?"

"वो मेरा दोस्त है, सर."

"तो दोस्त को डिस्काउंट दो."

आता बोला! मी म्हटलं, देतो, पण आधी साइटवर टेस्ट करतो.

शुक्रवारी सुट्टी होती. मी फहाहीलच्या बाजारातून साधी लाल-काळी वायर घेतली, बॅगेत मोजमापाचा मायक्रोफोन आणि लॅपटॉप टाकला आणि त्यांच्याकडे गेलो. शिरीषरावांना डोळे मिटून बसायला सांगितलं. एकच गाणं वाजवत राहिलो, मागे केबल बदलत राहिलो. कुठली कधी ते सांगितलं नाही.

"ही!" ते एकदम म्हणाले. "हीच ती निळी. बघ, कसा पडदा सरकल्यासारखा आवाज आला!"

ती लाल-काळी होती.

वहिनींना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. शिरीषराव मात्र चिडले. "तुझी टेस्टच चुकीची आहे. एवढा दबका आवाज मला उगीच ऐकू येतो का?"

ते मला पटलं. साडेआठशे दिनार घालवणारा माणूस उगीच तक्रार करत नाही. दोष कुठेतरी असणारच. मी मायक्रोफोन बरोबर त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर लावला. स्पीकरमधून जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सगळे स्वर सोडले आणि लॅपटॉपवर आलेख काढला. तो सरळ आला. बारीक आवाजसुद्धा खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचत होते. अँप्लिफायर उत्तम, स्पीकर उत्तम, वायर कुठलीही लावा, फरक शून्य.

मी चक्रावलो. मायक्रोफोनला सगळं ऐकू येत होतं.

"शिरीषराव, आता तुम्ही बसा. मी एकेक स्वर लावतो. ऐकू आला की हात वर करा."

पहिला जाड स्वर. हात वर. त्याच्या वरचा. हात वर. मग मी कुकरच्या शिट्टीसारखा बारीक, टोचणारा स्वर लावला.

शिरीषराव शांत बसले होते, माझ्याकडे बघत. हात मांडीवर.

मी आवाज थोडा वाढवला. आतल्या खोलीतून अन्वी ओरडली, "बाबा, प्लीज, स्टॉप दॅट!" वहिनींनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अरे, लाव ना," शिरीषराव म्हणाले. "कशाची वाट बघतोयस?"

माझ्या अंगावर काटा आला. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "वाजतोय तो."

"काय वाजतंय?"

मी स्वर बंद केला. आहे ते सांगितलं. "दोष केबलमध्ये नाही. स्पीकरमध्येही नाही. बारीक आवाज तुमच्या कानाला ऐकू येत नाहीत."

"बकवास! माझे कान? अख्खा प्लांट माझ्या कानांवर चालतो!"

"म्हणूनच गेले असतील. मशीनला कान लावताना इअरप्लग काढत होता ना?"

त्यांचा हात कानाकडे गेला. प्लग घालून बेअरिंग ऐकू येत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. बेअरिंगची घरघर जाड असते, ती त्यांना अजूनही ऐकू येत होती. तिच्या वरचं सगळं कॉम्प्रेसरनी खाल्लं होतं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मायक्रोवेव्ह वाजतो, तुम्ही उठत नाही. मी हाक मारते, तुम्ही बघत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता!"

मग शिरीषराव अगदी हळू म्हणाले, "सतीश, आमच्या छातीवर गॅसचा अलार्म असतो. विषारी गॅस आला की वाजतो. मागच्या महिन्यात एका फोरमनने मला दंडाला धरून बाहेर खेचलं. मी त्याला शिव्या घातल्या. वाटलं, हा येडा झाला की काय."

"तुमचा अलार्म वाजत होता?"

"तो म्हणाला वाजत होता. मी म्हटलं, खोटं बोलतोस."

"पण तो थरथरतो पण ना?"

"कॉम्प्रेसरजवळ सगळंच थरथरतं."

साडेआठशे दिनारचा धक्का या धक्क्यापुढे कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, "दरवर्षी तुमचं मेडिकल होतं. कानांची टेस्ट करत नाहीत?"

"करतात. केबिनमध्ये बसवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं." ते ओशाळले. "काचेतून ऑपरेटरचा हात दिसतो. त्याचा हात हलला की मी दाबतो. मला वाटायचं, त्यांचं मशीनच मोडकं आहे."

आता हसावं की रडावं! पण तेच करत आलो होतो आम्ही सगळे. आवाज येत नाही? मशीन बघा. केबल बदला. माणसाकडे कोण बघतं?

"उद्या डॉक्टरकडे जायचं," वहिनी म्हणाल्या.

"आणि अनफिट लिहिलं तर? नोकरी गेली की इकामा गेला. अन्वीची बारावी आहे." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो नोकरीला बांधलेला असतो.

"अन्वीला बाप हवाय. इकाम्याचं मग बघू."

दारात अन्वी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही जा."

ते गेले. सालमियातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण जे उरलंय ते जपता येईल. दोन्ही कानांना ऐकायची मशीन लागली. कंपनीने त्यांना प्लांटमधून काढून वर्कशॉपच्या प्लॅनिंगला बसवलं. साइट भत्ता गेला, नोकरी राहिली. प्लांटमधलं नाव गेलं, त्याचं शिरीषरावांना फार लागलं.

मॅथ्यूसाहेबांना मी जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "ऑर्डर कैंसल करो." मग विचारलं, "वो टोन तुम्हारे लैपटॉप में है ना? मुझे भी सुनाओ."

काही दिवसांनी शिरीषरावांचा फोन आला. मला वाटलं, सिस्टिमबद्दल काहीतरी सांगणार. गाण्याचं नावही काढलं नाही.

"सतीश, आज मेधाने स्वयंपाकघरातून हाक मारली. शिरीष म्हणून. एकटे असलो की नावानेच हाक मारते ती. मला इतकी वर्षं नुसतं 'इरी, इरी' ऐकू यायचं रे. आज आधीचा 'श' ऐकू आला, शेवटचा 'ष' ऐकू आला. अख्खं नाव ऐकू आलं."

तेव्हापासून कोणी "आवाज दबका येतो" म्हणून बोलावलं, की मी वायर तपासायच्या आधी माणसाला खुर्चीत बसवतो आणि कान तपासतो. यात केबलची विक्री कमी होते.