घाबरणं आणि गभरामण

पूर्णिमाचा कार्डिओग्राम दोनदा काढून झाला, थायरॉइड तपासून झालं, आईने मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकल्या. कंपनीच्या बसने बडोद्याबाहेरची छाणी ओलांडली की तिचं काळीज धडधडायला लागायचं, हाताला मुंग्या यायच्या, आपण आता मरणार याची खात्रीच पटायची. दोनदा ती मध्येच उतरून रिक्षाने घरी आली होती. तेवीस वर्षांची बी.एस्सी. मुलगी, नंदेसरीला रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. महिनाअखेरीला कायम होण्याचं पत्र मिळायचं होतं, आणि आणखी एक खाडा झाला तर ते मिळणार नव्हतं.

फतेगंजच्या दीप्तीबेन डॉक्टरांनी शेवटी नाव सांगितलं. "आ गभरामणना हुमला छे. या झटक्यांत कोणी मरत नाही. दहा-वीस मिनिटांत लाट ओसरते. श्वास हळूहळू सोडायचा आणि बसमधून उतरायचं नाही. उतरलीस की मनाला वाटतं, बसच वैरीण."

बरोबर गेलेले बाबा, मोहनराव, घरी येऊन आईला म्हणाले, "काही नाही ग, घाबरते ती."

चार पिढ्या बडोद्यात काढून बाबांनी एका शब्दाची अशी वाट लावली. गुजरातीत गभरामण होते ती पित्तासारखी, अंगाला. शेजारच्या नयनाबेनना झाली की अख्खी सोसायटी लिंबूपाणी घेऊन धावते. मराठीत घाबरतो तो माणूस, आणि त्याला लोक हसतात.

"बसमध्ये काय वाघ बसलाय?" आई म्हणाली.

"तुझे पणजोबा महाराजांबरोबर शिकारीला जायचे," बाबा म्हणाले.

"सतरंज्या अंथरायला," पूर्णिमा म्हणाली. "बाबा, घाबरणं वेगळं. तुम्ही डॉक्टरांचं ऐकलं ना?"

"ऐकलं की. तेच तर सांगतोय."

सोमवारी छाणीला लाट आलीच. ड्रायव्हर बापूंनी आरशात तिचा चेहरा पाहिला. "बेन, बस ऊभी राखुं?"

"ना, बापूकाका. चालवा दो."

गरम दुधावर फुंकर घालावी तसा ती श्वास सोडत राहिली. पाठ घामाने भिजली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती जागची हलली नाही. नंदेसरीच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा ती आपल्या पायांनी उतरली. दोन महिन्यांत प्रथमच तिला कडकडून भूक लागली.

लॅबच्या दारात पीयूषभाई साहेब उभे होते. "तमारा पप्पानो फोन हतो."

सकाळी स्टॉपवर तिचा उतरलेला चेहरा बघून बाबांनी नाक्यावरच्या पीसीओवरून फोन केला होता. मुलगी फार घाबरते, सांभाळून घ्या.

"ॲसिडची बीक वाटते, तर आधी बोलायचं ना, बेन? आजपासून ऑफिसात आवक-जावक बघा. कायमचं पत्र तीन महिन्यांनी बघू."

"साहेब, मला ॲसिडची भीती नाही. बसमध्ये गभरामण होते, तीही—"

"पप्पा खोटं कशाला बोलतील?" साहेब प्रेमाने म्हणाले. त्या प्रेमाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी चपला न काढताच ती बाबांसमोर उभी राहिली. "उद्या साहेबांना फोन करा. चुकीचं सांगितलं म्हणा."

"मी? अग, आता ते बरं दिसतं का? साहेब काय म्हणतील?" बाबांनी पंच्याने कपाळ पुसलं. "परवा बघू. नाहीतर आईला सांग करायला."

"बाबा, याला म्हणतात घाबरणं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पूर्णे, वडिलांशी कशी बोलतेस!"

पूर्णिमाने चपला काढल्या, फुलस्केप कागद घेतला आणि साहेबांना अर्ज लिहायला बसली. इंग्रजीत.