काट्याचा अर्धा किलो

घरात तिला मास्तरीण म्हणत. हे नाव मोठ्या जावेनं पाडलं, लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात, आणि ते असं चिकटलं की नवराही तीच हाक मारू लागला. मास्तरीण कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. बायकांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर ती तासन्‌तास बोलायची, आणि चांगलं बोलायची. घरी यावं तर जेवण तयार असायचं. ते कुणी केलं हे विचारायची तिला कधी गरज पडली नाही, कारण ते नेहमी जाऊबाईंनीच केलेलं असायचं.

जाऊबाई स्वतः काही घरी बसलेल्या नव्हत्या. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या. तळघरातली लांबट खोली, एका भिंतीला सहा मशिनी, वर छताशी एवढीशी खिडकी आणि कायम घामेजलेल्या भिंती. बायकांनी मशीनमधून ओल्या चादरींचे गठ्ठे उपसून ट्रॉलीत टाकायचे आणि ट्रॉली दोन पुरुषांनी ढकलायची. ढकलणं हे हॉस्पिटलच्या वजनांच्या यादीत जड काम होतं आणि उपसणं हलकं. एका रविवारी भाजी चिरता चिरता मास्तरणीनं सहज विचारलं, "हलकं कसं काय हो?"

"यादीत चादर कोरडी असते गं," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही उचलतो ती ओली."

मास्तरणीची सुरी जागच्या जागी थांबली. दहा वर्षं ती जे पुस्तकांत शोधत होती, ते जाऊबाईंनी दोन वाक्यांत तिच्या पुढ्यात टाकलं होतं. हे आधी कबूल करून टाकू, म्हणजे पुढचं नीट कळेल: कल्पना जाऊबाईंची.

कामही त्यांचंच. बाळंतिणींच्या वॉर्डातून मोडीत निघालेला बाळं तोलायचा काटा त्यांनी गोड बोलून मिळवला, तो मशीनशेजारच्या स्टुलावर बसवला आणि अकरा महिने रोजचे गठ्ठे त्यावर तोलून एका वहीत लिहिले. यादीत आठ किलोचा असलेला गठ्ठा काट्यावर चौदाच्या वर भरायचा. हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांनी बायकांचे खांदे तपासून दिले. मास्तरणीनं सगळ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, वहीची झेरॉक्स काढून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि लेख लिहिला. लिहिला झकास, त्यात वाद नाही.

असल्या लेखाला आंतरविद्याशाखीय म्हणतात, आणि त्याचं स्वागत कुणीच करत नाही. वैद्यकाच्या नियतकालिकानं कळवलं की यात समाज फार आहे. समाजशास्त्राच्या नियतकालिकानं कळवलं की यात हाडं फार आहेत. दीड वर्ष असं या दारातून त्या दारात गेल्यावर स्त्री-अभ्यासाच्या एका नावाजलेल्या नियतकालिकानं लेख परीक्षणाला घेतला.

तिथला नियम असा की परीक्षकांकडे लेख जाताना त्यावर कुणाचंही नाव ठेवायचं नाही, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा मास्तरणीनं स्वतःचं नाव काढलं, डॉक्टरांचं काढलं, आणि 'ही वही ज्यांनी ठेवली त्या' असं सुरू होणारा जाऊबाईंचा परिच्छेदही काढला. इथवर तिचं काही चुकलं नाही. चूक नंतरची.

लेख स्वीकारला गेला. एका परीक्षकानं लिहिलं होतं, 'कोरड्या यादीचं आणि ओल्या चादरीचं निरीक्षण लेखिकेच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष देतं.' मास्तरणीनं हे वाक्य तीनदा वाचलं. तिला खरंच बरं वाटलं, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या बरं वाटण्याची.

मग लेखकांची नावं परत भरायचा फॉर्म आला. अठ्ठेचाळीस तासांची मुदत, आणि प्रत्येक नावासमोर पदवी, संस्था, पद. तिनं स्वतःचं भरलं. डॉक्टरांचं भरलं. तिसऱ्या ओळीत जाऊबाईंचं नाव टाकलं आणि पदवीच्या रकान्यापाशी अडली. जाऊबाई सातवी पास. तिच्या बढतीचे कागद त्याच महिन्यात समितीपुढे जायचे होते. समितीवरची माणसं नाक मुरडतील, घरच्या घरी उरकलेला अभ्यास म्हणतील, असं तिच्या मनात आलं. मुलाखत दिलेल्यांची नावं गुप्त ठेवायचा नियम आहेच की, जाऊबाईंनीही मुलाखत दिली आहेच की, असंही मनात आलं. सोयीचा नियम वेळेवर आठवतो. तिनं तिसरी ओळ पुसली. जाऊबाई लेखात राहिल्या त्या 'सहभागी क्रमांक सात' म्हणून, आणि त्यांचं ते वाक्य राहिलं लेखिकेचं म्हणून. आभाराचा परिच्छेद परत घालायचा तर तिसरी ओळ का पुसली हे स्वतःलाच सांगावं लागलं असतं. तोही राहिला.

अंक छापून आला. बढतीही झाली. अंकाची एक प्रत तिनं कपाटात पुस्तकांमागे ठेवली होती, पण नवऱ्यानं कौतुकानं ती काढून वहिनीच्या हातात दिली.

जाऊबाईंनी चष्मा लावला. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोट फिरवत वाचू लागल्या. मास्तरीण उगाच धुतलेली भांडी पुसत उभी राहिली. पहिल्या पानावरची दोन नावं त्यांनी वाचली, पान उलटलं, परत मागे आल्या, परत पुढे गेल्या. मग तक्त्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"गठ्ठ्यांचं वजन. काट्याचा अर्धा किलो वजा केला नाहीस."

मास्तरणीला कळेना. जाऊबाई आत गेल्या आणि मूळ वही घेऊन आल्या. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'काटा अर्धा किलो जास्त दाखवतो. रोज वजा करणे.' मास्तरणीनं झेरॉक्स पहिल्या पानापासून काढली होती. पुठ्ठा कोण उघडून बघतं?

"म्हणून तर मोडीत काढला होता तो," जाऊबाई म्हणाल्या. "बाळं उगाच गुटगुटीत निघायची. छापायच्या आधी दाखवायचंस ना मला."

छापायच्या आधीची पानं लेखकांना तपासायला येतात. डॉक्टरांना आली होती, त्यांनी न बघताच 'ठीक' म्हणून कळवलं होतं. जाऊबाईंना आली असती तर ही चूक पाच मिनिटांत निघाली असती. मास्तरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि सात नंबर म्हणजे मी का गं?"

"हो. नावं गुप्त ठेवायची असतात जाऊबाई. नियम आहे तसा."

"लपवायला मी काय चोरी केली होती?" त्यांनी चष्मा घडी करून ठेवला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. जाऊबाई उठून कुकर लावायला गेल्या.

दुरुस्ती पाठवणं भाग होतं. अर्ध्या किलोनं निष्कर्ष कोसळत नव्हता, गठ्ठा यादीपेक्षा जडच राहत होता, पण चूक ती चूक. नियतकालिकाच्या दुरुस्तीच्या फॉर्मवर एक ओळ होती: 'चूक कुणाच्या लक्षात आली?' मास्तरणीनं कॉलेजातल्या आपल्या खोलीत बसून लिहिलं, 'लेखिकेच्या'. बोटं आपोआप तिकडेच गेली. अक्षरं समोर दिसली तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली. तासाची घंटा झाली, मुलं वर्गात जाऊन बसली, तरी ती खुर्चीतून हलली नाही. शेवटी तिनं ते पुसलं आणि थेट संपादिकाबाईंना फोन लावला.

संपादिकाबाई वयानं मोठ्या आणि बोलायला तुटक. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"नाव राहून गेलं, की तुम्ही ठेवलं नाहीत?"

राहून गेलं म्हणणं अगदी जिभेच्या टोकावर होतं. राहून जातंच की, माणसांच्या हातून काय काय राहून जातं.

"ठेवलं नाही," मास्तरीण म्हणाली.

"बरं. तसंच लिहून पाठवा. आणि त्यांची सही लागेल."

चार दिवसांनी सहीचा फॉर्म आला. वर दुरुस्तीचा मजकूर होता. वजनांची चूक तिसऱ्या लेखिकेनं दाखवली, वजनं तिनंच घेतली होती, मूळ निरीक्षणही तिचंच, आणि तिचं नाव पहिल्या लेखिकेनं जाणूनबुजून वगळलं होतं. खाली पदवीच्या रकान्यात 'सातवी' आणि पदाच्या रकान्यात 'लाँड्री कामगार'. मास्तरणीनं कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं आणि मान खाली घालून उभी राहिली. माफी मागायचे शब्द तिनं येताना रस्त्यात जुळवले होते. त्यांच्याऐवजी तिनं जाऊबाईंची खुर्ची तेवढी पुढे ओढली. तरी मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, तिला वाटत होतं की आता जाऊबाईंचा चेहरा खुलेल.

जाऊबाईंनी सावकाश सगळं वाचलं. पेनाचं टोपण काढलं, आणि थांबल्या.

"वजनं मीच घेतली असं लिहिलंयस."

"हो. तुम्हीच ना?"

"गुरुवारी माझी सुट्टी असते."

मास्तरणीनं पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. गुरुवारची पानं वेगळ्या हातची होती. अक्षर तिरकं, सातच्या पोटात आडवी रेघ. अकरा महिन्यांचे सगळे गुरुवार तिनं स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरले होते, आणि ती रेघ तिला एकदाही दिसली नव्हती.

"गुरुवारी तोलते ती, खांद्याला पट्टा बांधणारी," जाऊबाई म्हणाल्या. "तू दोन तास बसली होतीस तिच्यासमोर. नाव काय तिचं?"

सहभागी क्रमांक तीन. वय बेचाळीस, नोकरी चौदा वर्षं, उजवा खांदा, वेदना रोज. मास्तरणीला सगळं तोंडपाठ होतं. नाव आठवेना. तिनं कपाळाला हात लावला, डोळे मिटले, आठवेना ते आठवेना.

जाऊबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि सही न केलेला कागद तिच्याकडे सरकवला.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दोन वाजता आमची जेवणाची सुट्टी होते. खाली लाँड्रीत ये आणि तिलाच विचार."