लाल पेनाने खोडलेला 'रॉयल'

संघटनेची पत्रकं लिहून आणि तपासून मला एक सवय लागलीय. छापलेलं काहीही वाचताना लाल पेन हातात असतो.

आर्णीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशीने तिच्या बापाचं हवाई दलातलं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी संपताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, मला प्रजासत्ताक दिनाच्या पत्रकासाठी दिलं होतं. बाप विमानांचा फिटर. सोबत दलाचा इतिहास वाचता वाचता माझं डोकं फिरलं. इंग्रजांच्या राज्यात हे दल साऱ्या फौजेवरच्या एकाच गोऱ्या सेनापतीच्या हाताखाली. स्वातंत्र्य आलं, दलाला स्वतःचा प्रमुख मिळाला, तर तोही गोराच. आणि 'रॉयल इंडियन एअर फोर्स' या नावातला 'रॉयल' प्रजासत्ताक होईपर्यंत तसाच. देश आपला, मग फिटर राजाचा कसा? पहिल्या पानावरच्या 'रॉयल'वर मी रेघ ओढली.

आठवड्याभराने मावशी पुस्तक मागायला आली. तिचं डायलिसिस सुरू होतं. बिनलग्नाची मुलगी म्हणून बापाच्या नोकरीवर तिला उपचाराचं कार्ड मिळणार होतं, आणि पुरावा हा एवढाच. खाडाखोड असली की अर्ज परत येतो, हे मीच लोकांना सांगत फिरते.

अर्ज द्यायला आम्ही दोघी निघालो. यवतमाळच्या एसटीत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्याऐवजी तिकिटाची घडी घालत बसले.

"काहून गप हायेस?" मावशी म्हणाली. "एरवी कंडक्टरलेबी सोडत नाहीस."

माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या बाबूने पानं उलटली. आतल्या एका पानावरही 'रॉयल' खोडलेला होता, काळ्या शाईने.

"हे चालते," तो म्हणाला. "नाव बदललं तरी फॉर्म जुनेच होते. साहेबानं खोडून सही केली." मग पहिलं पान. "ही लाल रेघ कोणाची? सही नाही इथं."

"बाबानंच मारली असन," मावशी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं.

"मी मारली," मी म्हणाले.

"कायले?" बाबूने विचारलं.

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. वर पाठवतो. काय होईन, सांगता येत नाही."

चार ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. खाली सही केली. पत्रकाखाली मी कधीच नाव टाकत नाही.

वरून अजून काही आलेलं नाही. शुक्रवारी मावशीला दवाखान्यात मीच नेते. अर्जाचं काय झालं हे ती विचारत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.